लेक कोमो, मिलानवरून एका दिवसात ट्रेनने: ट्रेन आणि वारेन्ना मस्त, बेलाजिओ ठीक, जेवण विसरा

मिलानला मी आणि आई तीन दिवस होतो (आईचं वय 67, गुडघे त्याहून म्हातारे), त्यातला एक दिवस तळ्यासाठी ठेवलेला. एका टूरवाल्याने बस, गाइड, बोट सगळं धरून माणशी शंभराच्या वर युरो सांगितले, आईने मनातल्या मनात त्याचे रुपये केले आणि माझ्याकडे अशी बघितली की विषयच संपला. मग आपलं आपण ट्रेनने. तिकीट एका बाजूचं सात-आठ युरो, बोट एका बाजूची पाचच्या आसपास, म्हणजे दोघींचं जाऊन-येऊन पन्नासेक युरोत भागलं.

आधी एक गोष्ट क्लिअर करते कारण माझाही गोंधळ झाला होता. लेक कोमो बघायला कोमो गावालाच जावं लागतं असं काही नाही. तळं इंग्रजी वाय उलटा ठेवल्यासारखं आहे, कोमो एका तंगडीच्या टोकाला, लेको दुसऱ्या, आणि दोन्ही तंगड्या जिथे जुळतात तिथे बेलाजिओ. त्याच्या समोरच्या पूर्व किनाऱ्यावर वारेन्ना. मिलानो चेंत्रालेवरून, म्हणजे मिलानच्या मुख्य स्टेशनवरून, वारेन्नाला डायरेक्ट गाडी आहे, तासाभराहून जरा जास्त लागतो. पण बोर्डावर वारेन्ना शोधत बसू नका, आम्ही दहा मिनिटं माना वर करून तेच करत होतो. गाडी पुढे तिरानोला जाते म्हणून बोर्डावर तिरानो लागतं. आपण ठाण्याला जाताना कसारा-कर्जत बघतोच की, पण परदेशात गेल्यावर डोकं चालत नाही.

तिकीट मशीनमधून घ्या, आणि मशीनपाशी कोणी आपणहून मदतीला आलं तर गोड बोलून कटवा, ती मदत फुकट नसते. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी छोट्या मशीनमध्ये घालून शिक्का मारायचा, नाहीतर तिकीट असूनही दंड. सीट नंबर वगैरे काही नसतो, जो आधी पोचेल त्याची. डोंबिवलीत आयुष्य गेल्यामुळे या बाबतीत आम्हाला कोणी शिकवायची गरज नव्हती, जाताना डावीकडची खिडकी पकडली. डावीकडचीच पकडा, तळं त्याच बाजूला येतं.

लेकोपर्यंत फॅक्टऱ्या, बिल्डिंगी, विशेष काही नाही. लेको सुटलं की एकदम पाणी. रूळ तळ्याच्या काठाकाठाने जातात आणि मधे बोगद्यांवर बोगदे, म्हणजे निळं पाणी दिसलं रे दिसलं की काळोख, परत पाणी, परत काळोख. आई फोन धरून बसलेली आणि बरोब्बर बटण दाबेपर्यंत बोगदा. सात-आठ फोटोत आमच्याच दोघींची तोंडं काचेत आली, मग वैतागून तिने फोन पर्समध्ये टाकला. मी म्हटलं अगं ही साधीसुधी लाइन नाही, लेकोच्या पुढचा हा पट्टा 1902 साली विजेवर आला, कांदो नावाच्या हंगेरियन इंजिनिअरने केलेलं काम, आपली व्हीटी-कुर्ला पहिली इलेक्ट्रिक गाडी 1925 ची, म्हणजे आपल्याही तेवीस वर्षं आधी. आई म्हणाली बरं, ते शेंगदाणे काढ.

स्टेशन छोटंसं आहे, पाटीवर वारेन्ना-एसिनो-पेर्लेदो असं लांबलचक नाव. दरवाजे आपोआप उघडत नाहीत, बटण दाबावं लागतं, पुढचा माणूस दाबेल म्हणून थांबलात तर पुढच्या स्टेशनला उतराल. खाली धक्क्यापर्यंत पाच-दहा मिनिटांचा उतार, जाताना मजेत, येताना हाच चढ असणारे हे तेव्हा सुचत नाही.

तिथे पोचल्यावर आम्ही चूक केली. सगळे बेलाजिओ बेलाजिओ करतात म्हणून आधी बोटीच्या लाइनीत उभ्या राहिलो, शनिवार, मे महिना, ऊन, आणि लाइन तासाभराची. बोट सुंदरच, गाड्यासुद्धा चढतात त्यावर, पंधरा मिनिटांत पलीकडे, मधे गेल्यावर चारी बाजूंनी डोंगर आणि लांब टोकांवर अजून बर्फ. आई म्हणाली पवना धरणासारखंच आहे. मी हसले पण दोन मिनिटांनी मलाही तसंच वाटायला लागलं. फक्त हे बांधलेलं नाही, हिमनदीने कोरलेलं आहे आणि खोली चारशे मीटरच्या वर, त्यामुळे मधलं पाणी निळं नाही तर जवळजवळ काळं दिसतं.

बेलाजिओ म्हणजे दगडी पायऱ्यांच्या गल्ल्या, रेशमी स्कार्फची दुकानं आणि गर्दी. फोटोत दिसते ती पायऱ्यांची गल्ली तुळशीबागेइतकी भरलेली होती, आणि भाव विचारायची सोय नाही. आईचे गुडघे तिसाव्या पायरीला बोलले. गावाच्या टोकाला पुंता स्पार्तिव्हेंतो म्हणून जागा आहे, वारा जिथे दुभंगतो ते टोक, तिथे मात्र जा, फुकट आहे आणि तळ्याचे तिन्ही फाटे एका जागेवरून दिसतात.

जेवायला पाण्याकाठच्या एका रेस्टॉरंटमध्ये बसलो, नाव घेत नाही. एक मार्गारिता पिझ्झा, एक सॅलड. पिझ्झा वरून करपलेला, मधे ओला. बिलात बसण्याचे माणशी तीन युरो, ते इटलीत असतंच, कोपेर्तो म्हणतात, त्याबद्दल तक्रार नाही, पण न मागितलेल्या ब्रेडचे वेगळे लावले, विचारलं तर वेटर खांदे उडवून गेला. आईने आदल्या रात्री हॉटेलवर म्हटलं होतं की दशम्या आहेत डब्यात, त्याच नेऊ. हे ती अजून सहा महिने ऐकवणार.

तीन वाजता परत वारेन्नात आलो तेव्हा कळलं की दिवस इथेच काढायला हवा होता. धक्क्यापासून जुन्या गावापर्यंत खडकाला चिकटून पाण्यावरून एक अरुंद वाट आहे, प्रेमिकांची वाट म्हणतात तिला, लाल लोखंडी कठडा, वर वेली, खाली पाणी दगडावर चुळुकचुळुक वाजत असतं. आई तिथल्या बाकावर बसली ती उठेचना. तिला तिथेच सोडून मी व्हिला मोनास्तेरो बघून आले, एकेकाळी जोगिणींचा मठ होता, आता पाण्याकाठी लांबलचक बाग, लिंबं, ताडमाड, पुतळे. 1954 मध्ये एन्रिको फर्मी हा मोठा फिजिक्सवाला इथे लेक्चर द्यायला आला होता, त्याच वर्षी नोव्हेंबरात वारला. फिजिक्सवाल्यांनी लेक्चर नीट ऐकलं कसं असेल, खिडकीबाहेर हे असताना, देव जाणे. तिकीट आहे पण वसूल. वरचा किल्ला गुडघ्यांमुळे कटाप.

परतीची गाडी चाळीस मिनिटं लेट आली आणि आली तीच भरून, प्लॅटफॉर्मवर आख्खं गाव. घोषणा आधी नुसती इटालियनमध्ये. चढलो कारण चढता येतं आम्हाला, पण लेकोपर्यंत उभ्याने. शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळा, चारच्या आधीची गाडी धरा, आणि परतीचं तिकीट सकाळी मिलानलाच काढून ठेवा. उन्हाळ्यात कधीकधी कामासाठी लाइन बंद ठेवून बस सोडतात तेही आदल्या दिवशी चेक करा.

रेटिंग द्यायचं तर ट्रेनला जाताना पाच, येताना दोन. वारेन्नाला पाच. बेलाजिओला तीन, ते पण त्या टोकामुळे. लेकोला एका कॉलेजच्या पोराने उठून आईला जागा दिली, आईने लगेच पर्स उघडून त्याच्या हातात चिक्की ठेवली, तो नको नको करत होता पण आईपुढे कोणाचं चालतं.