दहा लिटरचा कॅम्पर, दहा महिने आणि एक तोटी

पंधरा ऑगस्टच्या सकाळी सीताबर्डीच्या किल्ल्याबाहेरच्या रांगेत उभी असताना माझी डावी चप्पल ओली झाली. पाऊस नव्हता आणि रस्ताही कोरडा होता. खाली वाकून पाहिले तेव्हा पाणी थंड ठेवणाऱ्या आमच्या निळ्या कॅम्परच्या तोटीखाली हातभर डबके साचलेले दिसले. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे सामान्य माणसांना तो वर्षातून मोजक्याच दिवशी पाहता येतो. रांग लांब होती आणि मुलांचे बाबा 1817 च्या लढाईची गोष्ट रंगवून सांगत होते, त्यामुळे रांग सोडण्याचा प्रश्नच नव्हता. शेवटी तोटीला सासूबाईंचा रुमाल बांधला आणि ठरल्याप्रमाणे मुलांचे बाबा कॅम्पर घेऊन बाहेर थांबले. मुले किल्ला पाहून बाहेर येईपर्यंत रुमालातून निम्मे पाणी गेले होते. हा अनुभव लिहायला बसण्याचे कारण ती तोटी आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

कॅम्पर आम्ही फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बर्डीच्या बाजारातून घेतला. छापील किंमत 1,699 रुपये होती, घासाघीस करून 1,150 रुपयांना मिळाला. तोच कॅम्पर एप्रिलमध्ये शेजारणीला 1,400 रुपयांना पडला. नागपुरात उन्हाळ्याची खरेदी, मग ती कूलरच्या ताट्यांची असो, माठाची असो की कॅम्परची, होळीच्या आधी उरकून घ्यावी असे माझे जुने मत आहे, आणि या वेळी अडीचशे रुपयांनी ते पक्के झाले. ज्या गावात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता, तिथे दुकानदाराला मे महिन्यात गिऱ्हाइकाची मनधरणी करावी लागत नाही.

घेण्यामागे हिशेब सरळ होता. आम्ही सहा माणसे, त्यांत दोन मुले, आणि मुलांना बागेत शिरताक्षणी तहान लागते. एका सहलीत थंड पाण्याच्या सहा बाटल्या लागतात, वीस रुपयांप्रमाणे एकशेवीस रुपये होतात आणि रिकाम्या बाटल्या घरी आणून ठेवायच्या की टाकायच्या हा वाद वेगळा. दहा सहलींत कॅम्परची किंमत वसूल होईल असे मी गणित मांडले होते, आणि त्या गणितात तोटीला जागा नव्हती.

पहिली फेरी महाराजबागेत झाली. कृषी विद्यापीठाकडे असलेली ही बाग आणि तिच्यातले प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद असते, म्हणून रविवार गाठला. त्या दिवशी मी उत्साहाने कॅम्पर काठोकाठ भरला. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो, वर कॅम्परचे स्वतःचे वजन, आणि धाकटा कडेवर. मोरांच्या पिंजऱ्यापर्यंत पोहोचेपर्यंत माझ्या उजव्या तळहातावर मुठीचा लाल वळ उमटला होता. त्या दिवसानंतर मी आठ लिटरच्या वर पाणी कधीच भरले नाही. पाच लिटरचा घेतला असता तर बरे झाले असते, असे तेव्हा घरी सर्वांसमोर बोलूनही गेले. मे महिन्यात हे मत मी मागे घेतले, कारण रामटेकच्या वाटेवर आठ लिटरही दुपारी दोनपर्यंत संपले.

एप्रिलमध्ये रमण विज्ञान केंद्रात गेलो. गांधीसागर तलावासमोरचे हे केंद्र 1992 पासून आहे. उन्हाळ्याच्या दुपारी मुलांना घेऊन जायला नागपुरात याहून सोयीची जागा मला सापडलेली नाही, कारण बराच वेळ छपराखाली जातो आणि तारांगणाचा खेळ संपेपर्यंत ऊनही उतरते. बाहेर आल्यावर मुलीच्या मैत्रिणींना पाणी द्यायला बसले, तर तोटीतून पाण्याची करंगळीएवढी धारसुद्धा येईना. आधी धार बारीक झाली, मग ठिबक सुरू झाली, मग तीही थांबली. आत पाणी हिंदकळत असल्याचा आवाज येत होता. तोटीत कचरा अडकला असे समजून मी त्या कंपनीला मनात भरपूर नावे ठेवली आणि रात्री लहानसा खरमरीत अभिप्रायही लिहून ठेवला. सुदैवाने तो कुठे टाकला नाही, कारण दुसऱ्या दिवशी भांडी घासताना सासूबाईंनी झाकणावरचे छोटे बूच अंगठ्याने उचलले आणि तोटीतून भरभरून पाणी आले. झाकण घट्ट आणि बूचही बंद असेल तर आत हवा जात नाही, आणि हवा आत गेली नाही तर पाणी बाहेर येत नाही. तेलाच्या डब्याला दोन भोके पाडणाऱ्या बाईने मला हे शिकवले, यात नवल नव्हते. नेताना बूच बंद ठेवावे आणि पाणी काढताना उघडावे, एवढी एक ओळ कंपनीने झाकणावर छापली असती तर माझी त्या दिवशीची फजिती टळली असती.

गारव्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण बहुतेक जण त्याबद्दलच विचारतात. कंपनी चोवीस तासांचा दावा करते. मुलीच्या प्रयोगाच्या संचातला थर्मामीटर घेऊन मी मे महिन्यात घरीच एक दिवस पाहिले. माठातले आठ लिटर पाणी आणि एक किलो बर्फ घातल्यावर सकाळी सात वाजता 18 अंश, दुपारी तीनला 24 आणि संध्याकाळी सातला 27 अंश भरले. 27 अंशांचे पाणी नळाच्या तापलेल्या पाण्यापेक्षा नक्कीच सुखाचे असते, पण त्याला थंड म्हणायला मन होत नाही. एक किलो बर्फ वितळताना साधारण चार लिटर पाण्याचे तापमान वीस अंशांनी उतरवतो, म्हणजे आठ लिटरचे दहाच अंशांनी. त्यामुळे टाकीतले गरम पाणी थेट कॅम्परमध्ये ओतून वर मूठभर खडे टाकणे हा वेडेपणा आहे. पाणी रात्रभर माठात ठेवावे आणि बर्फ स्टीलच्या डब्यात एकाच मोठ्या तुकड्यात गोठवावा, कारण बारीक खड्यांपेक्षा तो सावकाश वितळतो. मात्र डबा कॅम्परच्या तोंडापेक्षा लहान हवा, नाहीतर पहाटे पाचला बर्फ खलबत्त्याने फोडावा लागतो, आणि मी फोडलेला आहे. बाजारातली लादी आणायचीच असेल तर रंग पाहून घ्यावी. अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याची सक्ती राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये केली, तेव्हा निळसर बर्फ पाण्यात घालायचा नसतो.

प्लास्टिकचा वास पहिला आठवडाभर होता, तो खाण्याच्या सोड्याने गेला. रंग अजून उतरलेला नाही आणि मूठ भक्कम आहे. बाकी दोष म्हटला तर तोटी तळापासून दोन बोटे वर बसवली असल्याने शेवटचे अर्धा लिटर पाणी कॅम्पर वाकडा केल्याशिवाय निघत नाही.

आता तोटी. किल्ल्याच्या रांगेतून घरी आल्यावर मी ग्राहक सेवेच्या क्रमांकावर फोन केला. वॉरंटी बारा महिन्यांची होती, कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख होती, आणि बिल मी किराण्याच्या वहीत चिकटवून ठेवले होते. तीन फोन आणि दोन ई-मेल झाल्यावर उत्तर आले की तोटी हा झिजणारा भाग असल्यामुळे वॉरंटीत बसत नाही, ती सुटी विकली जात नाही, आणि फार तर अख्खा कॅम्पर स्वखर्चाने त्यांच्या दुसऱ्या शहरातल्या केंद्राकडे पाठवावा. कुरियरवाल्याने जाण्याचेच साडेतीनशे रुपये सांगितले. जो भाग दिवसातून पन्नास वेळा दाबायचा तोच झिजणारा म्हणून वगळायचा, तर मग वॉरंटी कशाची दिली होती, असे मी त्या मुलाला फोनवर विचारले. तो बिचारा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, बॉडीची." दहा वर्षे टिकणाऱ्या बॉडीवर एका वर्षाची हमी देण्याचे औदार्य मला त्या क्षणी पचले नाही, आणि मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन तक्रार कंपनीकडे पोहोचवते, निवाडा मात्र ग्राहक आयोगाकडेच होतो, हे ध्यानात ठेवावे. 1,150 रुपयांच्या वस्तूसाठी आयोगापर्यंत जाण्याची माझी तयारी नव्हती, आणि कंपनीलाही ते ठाऊक असावे.

उत्तराची वाट पाहता पाहता पोळा जवळ आला. तान्ह्या पोळ्याला धाकट्यासाठी लाकडी बैल घ्यायला आम्ही इतवारीत गेलो. मागच्या वर्षीच्या बैलाचे एक चाक निखळले होते आणि मिरवणुकीत तो एका कुशीवर चालला होता, म्हणून या वेळी चाके फिरवून पाहून, कड्या ओढून, मगच बैल पसंत केला. परतताना भांड्यांच्या एका जुन्या दुकानात पाण्याच्या टाक्यांच्या आणि फिल्टरच्या तोट्या टांगलेल्या दिसल्या. मोबाइलमधले छायाचित्र दाखवल्यावर दुकानदार म्हणाले, "तोटी आणली का संगं? नाही? मग फोटोवरून काय सांगू ताई!" दुसऱ्या दिवशी मी तोटी उकलून, रुमालात बांधून पुन्हा गेले. त्यांनी ती प्रकाशात धरली, मागचे रबर नखाने खरवडले आणि म्हणाले, "हिले काही नाही झालं. वायसर कडक झाला आहे."

वायसर म्हणजे सांध्यातली रबराची चकती. त्यांनी दाखवले ते इथे लिहिते, कारण माझा सगळा राग या अज्ञानातून आला होता. तोटी दोन ठिकाणी गळते. एक म्हणजे तिचे तोंड, जिथे बटन सोडल्यावर स्प्रिंग रबराचे बूच खाली दाबते. पाण्यातला क्षार तिथे बसला की बूच नीट टेकत नाही. दुसरे म्हणजे ती कॅम्परच्या अंगात शिरते तो सांधा, जिथे आतून नट आणि दोन्ही बाजूंनी वायसर असतो. कोरड्या कागदाने तोटी पुसून पाच मिनिटे थांबायचे आणि पहिला थेंब कुठे येतो ते पाहायचे, की दुखणे कळते. माझी गळती सांध्यातली होती. कॅम्पर उचलताना मुले तोटीला धरून ओढत होती, त्यामुळे नट ढिला झाला होता आणि वायसर एका बाजूने चेपला होता. नवा वायसर दहा रुपयांना मिळाला. मी दोन घेतले. साठ रुपयांची अख्खी तोटी त्यांनी पुढे केली, ती मी काटकसरीने परत दिली.

घरी आल्यावर हात आत घालून नट हातानेच आवळला. पान्याने आवळल्यास प्लास्टिक तडकते, असे त्यांनी बजावले होते. त्या दिवसापासून सांध्यातून थेंबही आलेला नाही.

ऑक्टोबरमध्ये कंपनीचे खोके आले. हेल्पलाइनच्या तक्रारीची दखल घेऊन आपणास बदली भाग विनामूल्य पाठवत आहोत, असे आत पत्र होते आणि पत्राखाली एक कोरे करकरीत झाकण होते. तोटीची तक्रार आणि झाकणाची भरपाई! मी पुन्हा फोन करणार होते, पण सासूबाईंनी झाकण लावून पाहिले आणि ते जुन्यापेक्षा चांगले बसले. त्यावरचे बूच आता दोरीने बांधलेले आहे, म्हणजे बागेत हरवण्याची भीती नाही. कंपनीने मध्यंतरी नमुना सुधारला असावा. तिच्यावरचा माझा राग त्यामुळे गेला असे नाही, पण अभिप्रायातली दोन विशेषणे मी खोडली.

गेल्या रविवारी मोतीबागच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात गेलो. 2002 मध्ये सुरू झालेल्या या जागेत जुनी इंजिने जवळून पाहता येतात आणि मुलांची छोटी गाडीही आहे. डब्यात पुऱ्या आणि सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, होती, पाणी सहा लिटरच भरले होते, थंडी असल्याने बर्फ नव्हता. ही आमची चौदावी सहल होती, म्हणजे माझ्या हिशेबाने कॅम्पर वसूल होऊन वर पाचशेच्या आसपास रुपये वाचले. त्यातून दोन वायसरचे वीस वजा करायचे. परत आल्यावर तोटीच्या तोंडाशी पांढरी कड दिसली, म्हणून ती उकलून अर्धा तास लिंबाच्या रसात बुडवून ठेवली.

घ्यायचा असेल तर पाच माणसांपर्यंत पाच-सहा लिटरचा पुरे, त्याहून मोठ्या घराला दहाचा. तळाच्या त्रिकोणात 5 हा आकडा आहे का पाहावे, तो पॉलिप्रॉपिलीन या खाण्यापिण्याच्या वस्तूंना चालणाऱ्या प्लास्टिकचा असतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुकानातच तांब्याभर पाणी ओतायला लावावे, तोटी पंचवीस वेळा दाबून पाहावी, आणि तीच तोटी सुटी मिळते का असे विचारावे. मिळत नाही म्हटले तर दुसरी कंपनी पाहावी. दुकानदार वैतागेल, मागच्या आठवड्यात नणंदेसोबत गेले तेव्हा वैतागलाच होता, आणि तरीही त्याने पन्नास रुपये कमी केले.