युद्धकालीन एम १ कार्बाइन: साठ लाखांतली दुर्मीळ बंदूक

अमेरिकी सैन्याची एम १ कार्बाइन, म्हणजे आखूड आणि हलकी रायफल, मी दोन वर्षांपूर्वी अमेरिकेतल्याच एका जुन्या शस्त्रांच्या मेळाव्यात विकत घेतली. ती 'कारखान्यातून निघाली तशीच' असल्याचे विक्रेत्याने सांगितले होते आणि त्या तीन शब्दांचे त्याने वेगळे पैसे लावले होते. बंदूक म्हणून ती मला मनापासून आवडली. त्या तीन शब्दांबद्दल मात्र खरेदीपूर्वी ज्या गोष्टी माहीत असायला हव्या होत्या, त्या मला नंतर कळल्या.

वापराबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तोफखान्यातले जवान, वाहनचालक, संदेशवाहक आणि अधिकारी यांच्या हाती पिस्तुलापेक्षा भरवशाचे, पण रायफलीइतके जड नसलेले काहीतरी असावे म्हणून हे हत्यार १९४१ मध्ये स्वीकारले गेले. वजन सुमारे अडीच किलो, लांबी जेमतेम ९० सेंटिमीटर आणि मॅगझीनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या काढघाल करता येणाऱ्या पेटीत, १५ काडतुसे. खांद्याला धक्का इतका सौम्य बसतो की नवखा माणूसही पहिल्याच दिवशी शंभर यार्डांवरच्या लक्ष्यावर समाधानकारक नेम धरू शकतो. त्यापुढे काडतुसाची ताकद झपाट्याने ओसरते, आणि मोठ्या रायफलीची अपेक्षा ठेवणाऱ्याची तिथे निराशा होईल.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशा सुमारे ६१ लाख कार्बाइन तयार झाल्या. त्याच युद्धात पायदळाच्या गॅरंड रायफली सुमारे ४० लाख बनल्या, म्हणजे संख्येत कार्बाइन बरीच पुढे होती. तरीही १९४३ मध्ये सैनिकाच्या हाती जशी पडली तशीच्या तशी कार्बाइन आज शोधणे कठीण आहे, आणि याचे मुख्य कारण रणांगणावरचा नाश हे नसून शांततेच्या काळातली दुरुस्ती हे आहे. सुरुवातीच्या कार्बाइनला १५० आणि ३०० यार्डांसाठी उलटसुलट करायची साधी दुपाती साइट (नेम धरायची खाच) होती आणि दाबायची सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणूनची कळ) होती. संगीन लावण्याची सोय नव्हती. सेफ्टीचे बटण मॅगझीन सोडवण्याच्या बटणाला इतके लागून होते की घाईत सैनिक चुकीचे बटण दाबत आणि भरलेले मॅगझीन पायाशी पडे. अनुभवातून फिरवायची सेफ्टी, कमीजास्त करता येणारी साइट आणि नळीभोवतीचे, संगिनीसाठी खुंटा असलेले रुंद कडे आले. युद्ध संपल्यावर कोठारांत परतलेल्या कार्बाइन सरकारी कार्यशाळांमध्ये खोलल्या गेल्या, सुट्या भागांचे ढीग झाले, चालतील ते भाग हाताला येतील तसे पुन्हा जोडले गेले आणि जुन्या पद्धतीच्या भागांच्या जागी नवे बसवले गेले. कोणत्या कार्यशाळेतून बंदूक गेली, त्याची अक्षरे लाकडी दस्त्यावर ठोकली जात, जसे ऑगस्टा इथल्या कार्यशाळेसाठी 'एए' आणि रेड रिव्हर इथल्या कार्यशाळेसाठी 'आरआरए'. सैन्याच्या दृष्टीने हे काम अगदी योग्यच होते. पन्नास वर्षांनी कोणी संग्राहक साइटकडे भिंगातून पाहत बसेल, याची चिंता त्यांनी का करावी?

यात एक गुंतागुंत अशीही आहे की 'सर्व भाग एकाच कारखान्याचे' ही अस्सलपणाची खूण नव्हे. कंत्राट दहा प्रमुख उत्पादकांकडे होते. त्यांत टाइपरायटर बनवणारी अंडरवुड होती, आयबीएम होती आणि ज्यूकबॉक्स (नाणे टाकून गाणी वाजवायचे यंत्र) बनवणारी रॉक-ओलाही होती. उत्पादन अडू नये म्हणून हे कारखाने एकमेकांना सुटे भाग पुरवत असत, त्यामुळे पहिल्याच दिवशी मिश्र भागांची बंदूक बाहेर पडणे स्वाभाविक होते. सगळे शिक्के जुळणारी कार्बाइन दिसली की मला आता उलट शंका येते, कारण तशी जुळणी बऱ्याचदा अलीकडे कोणीतरी हौसेने केलेली असते.

काही प्रकार मुळातच कमी होते. त्या दहांपैकी इनलँडने एकट्याने सुमारे २६ लाख कार्बाइन बनवल्या, तर रॉक-ओलाने सुमारे २ लाख २८ हजार. अर्विन-पेडरसन या उत्पादकाची तर एकही बंदूक सरकारने त्यांच्याकडून स्वीकारली नाही. त्यांचे काम सॅगिनॉ या दुसऱ्या उत्पादकाकडे गेले आणि त्यांचे नाव कोरलेले रिसीव्हर (यंत्रणा बसवलेला बंदुकीचा मुख्य धातूचा भाग) तिथे वापरले गेले. छत्रीधारी सैनिकांसाठीची, घडीच्या दस्त्याची एम १ ए १ सुमारे १ लाख ४० हजार बनली. तिचा रिसीव्हर साध्या कार्बाइनसारखाच असल्याने क्रमांकावरून काहीच सिद्ध होत नाही, आणि घडीचे नकली दस्ते मुबलक मिळतात. या प्रकाराच्या वाटेला अनुभव नसलेल्याने जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उरलेल्या लाखो बंदुका मित्रराष्ट्रांना गेल्या. दक्षिण कोरिया, फ्रान्स, दक्षिण व्हिएतनाम आणि जर्मनीतल्या बव्हेरियाचे पोलीस अशा अनेकांनी त्या वापरल्या, आणि व्हिएतनाममधल्या तर परतल्याच नाहीत. अमेरिकेत १९६३ मध्ये सरकारी योजनेतून नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेच्या सभासदांना कार्बाइन २० डॉलरला मिळत होती. पुढे १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने लष्करी शिलकी शस्त्रांची आयात बंद केली. १९८० च्या दशकात ती काही अंशी खुली झाल्यावर आलेल्या बंदुकांवर आयातदाराचा शिक्का पडला. कोरियातल्या लाखो कार्बाइन परत आणण्याचा प्रस्ताव २०१० मध्ये अमेरिकी सरकारने अडवला.

माझ्या बंदुकीवर दुपाती साइट आहे, दाबायची सेफ्टी आहे आणि अरुंद कडेही आहे. पण साइटच्या खाचेभोवती ती पक्की करण्यासाठी मारलेल्या ठोशांच्या खुणा दोन वेगवेगळ्या जागी आहेत, म्हणजे मधल्या काळात तिथे दुसरी साइट होती. दस्ता घासून गुळगुळीत केलेला आहे, तरी दिवा तिरका धरला की एका चौकटीत 'एए' ही अक्षरे पुसटशी दिसतात. विक्रेत्याला मी छायाचित्रे पाठवली, पण किमतीतला फरक परत मिळाला नाही. चालवण्यासाठी घेणाऱ्याने पुनर्बांधणी केलेली कार्बाइन निःशंकपणे घ्यावी. 'मूळ' या शब्दासाठी जास्त पैसे देणाऱ्याने मात्र आधी दस्ता बाजूला काढून आतले शिक्के पाहू द्यावेत अशी अट घालावी, आणि विक्रेता नकार देत असेल तर सौदा तिथेच सोडावा. मी बंदूक ठेवून घेतली आहे. तिच्या नोंदीत 'मूळ' हा शब्द खोडून 'ऑगस्टा येथे पुनर्बांधणी, नंतर जुने भाग बसवलेले' असे लिहिले आहे.