जुनी रेल्वे हातबत्ती: आठ महिन्यांनंतर, आणि त्या हिरव्या काचेची भानगड

चोरबाजारातून, मटण स्ट्रीटवरून घेतलेल्या गार्डच्या हातबत्तीला आता आठ महिने झाले. तीन रंगांची, रॉकेलवाली, पत्र्याची. दुकानदाराने ४५०० सांगितले, घासाघीस करून २८०० ला आणली. बाजूला जीआयपीचा, म्हणजे जुन्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, छाप आहे. आता जीआयपी जाऊन मध्य रेल्वे झाली ५ नोव्हेंबर १९५१ ला, म्हणजे छाप खरा असेल तर बत्ती त्याआधीची, पण छाप काय कोणीही मारेल, मी त्याचा एक रुपया जास्त दिला नाही.

मेन लोचा हिरव्या काचेचा. आईने आधीच दम दिलेला की भिंतीला काजळी लागली तर बत्तीसकट बाहेर, म्हणून आतली टाकी काढून होल्डर बसवला आणि घरातला पांढरा एलईडी लावला. लाल एकदम झकास. मग वरची टोपी फिरवून हिरवी काच भिंगासमोर आणली तर चक्क निळी दिसते! डोकंच फिरलं. महिनाभर दिसेल त्याला सांगत होतो की काच बदललीये, लुटलं मला. शेवटी बत्ती पिशवीत घालून दुकानात गेलो, भरपूर तोंडसुख घेतलं. तो माणूस एक शब्द बोलला नाही, काडी पेटवली आणि काचेमागे धरली.

हिरवीगार. सिग्नलच.

तर प्रकार असा की रॉकेलची ज्योत पिवळी, तिच्यात निळा प्रकाश फारच कमी, म्हणून सिग्नलच्या बत्त्यांना काच मुद्दाम निळसर घालायचे, ज्योतीपुढे ती हिरवी दिसते. माझ्या पांढऱ्या एलईडीत निळा भरपूर, मग दुसरं काय होणार. म्हणजे पहिल्या महिन्यात मी जे जे बोललो ते सगळं मागे. १४० रुपयांचा २२०० केल्विनवाला पिवळा बल्ब लावला, प्रश्न मिटला. २८०० च्या वस्तूवर हे १४० मला जास्त लागले हा भाग वेगळा.

बाकी पावसाळ्यात बुडाला गंज धरतो, शिवणयंत्राच्या तेलाचा हात मारत राहावा लागतो. सोबत घेतलेली प्लॅटफॉर्मवरच्या दिव्याची इनॅमलची शेड काहीच त्रास देत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

त्याच दुकानात स्टेशनवरच्या दिव्याचा एक ओतीव ब्रॅकेट लटकतोय, हवाय मला, पण आता त्याच्याशी भाव कुठल्या तोंडाने करू. मित्राला पाठवतोय.