प्राग पायी बघायचं तर गाईड दिवसभरासाठी घ्या

दोन तासांच्या टूरमध्ये गाईडच्या उंच धरलेल्या छत्रीमागे पळण्यातच जीव जातो. आम्ही दोघं आणि पुण्याचं एक कुटुंब, एवढ्यांनी मिळून इथल्याच एक गाईडबाई पूर्ण दिवसासाठी ठरवल्या. पैसे जास्त गेले, पण मी पुन्हा असंच करीन.

सकाळी पावडर टॉवरपासून निघालो. तिथून जुन्या शहराच्या चौकापर्यंतचा रस्ता दुकानांनी भरलेला आहे, तिथं बाई रेंगाळल्या नाहीत. चौकातल्या खगोलीय घड्याळापाशी मात्र तास व्हायच्या बऱ्याच आधी नेऊन उभं केलं. ठोक्याला येशूच्या बारा प्रेषितांच्या मूर्ती खिडक्यांतून सरकतात, सांगाडा घंटा वाजवतो, शेवटी कोंबडा आरवतो आणि गर्दी पांगते. बाईंनी त्याआधी तबकडी वाचायला शिकवली. १४१० सालचं हे घड्याळ सूर्य कोणत्या राशीत आहे ते दाखवतं, चंद्र दाखवतं, आणि बाहेरच्या कड्यावर सूर्यास्तापासून मोजलेले चोवीस तासही दाखवतं. आमच्या हिला पंचांग बघायची रोजची सवय. रास तिनं सगळ्यांच्या आधी सांगितली.

घड्याळाच्या जवळच फरसबंदीत २७ पांढरे क्रूस बसवलेत. हाब्सबुर्ग सम्राटाविरुद्धच्या बंडात सामील झालेल्या २७ जणांना १६२१ मध्ये या चौकात ठार केलं. लोक फोटोच्या नादात त्यावरून चालत जातात. बाईंनी आम्हाला कडेला थांबवून आधी ते सांगितलं, हे मला फार आवडलं.

मी सांगलीचा, नोकरी सगळी पाटबंधारे खात्यात गेली. चार्ल्स पुलाजवळ आल्यावर मी पुराबद्दल विचारलं, तर बाई पुतळे सोडून आम्हाला कठड्याशी घेऊन गेल्या. खाली नदीकाठच्या भिंतीत दाढीवाल्या माणसाचं दगडी डोकं बसवलंय, त्याला ब्राडाच म्हणतात. व्लटावा नदीचं पाणी त्याच्या कुठवर आलं, यावरून जुने लोक पुराचा अंदाज घेत. टकलापर्यंत चढलं की जुन्या शहराच्या चौकात होडी चालवता येईल, असं म्हणत. आमच्याकडे पावसाळ्यात जो तो कृष्णेवरच्या आयर्विन पुलाबद्दल ‘आयर्विनला पातळी किती?’ विचारतो, तेच इथं दगडात कोरलेलं.

आधीचा दगडी पूल १३४२ च्या पुरात गेला. आताच्या पुलाचं काम चौथ्या चार्ल्सच्या काळात १३५७ मध्ये सुरू झालं. सोळा कमानी, ५१६ मीटर लांबी. १८९० च्या पुरात वाहून आलेली लाकडं अडकली आणि तीन कमानी कोसळल्या. वरच्या अंगाला खांबांपुढे बर्फ फोडायला लाकडी अडसर उभे केलेत, ते आवर्जून बघा. पुलावरचे बरेचसे पुतळे नकला आहेत, हेही बाईंनी न लपवता सांगितलं.

शाकाहारी असाल तर जेवणात तळलेलं चीज मागा, सोबत बटाटे येतात. पोट भरतं, चव बेताची.

तक्रार एकच, पण साठीच्या पुढच्यांसाठी महत्त्वाची. नेरुडोवा रस्त्याचा चढ जेवणानंतर आला. रस्ता सुंदर आहे. घरांना नंबर यायच्या आधीची चिन्हं दारांवर अजून आहेत: तीन व्हायोलिनं, दोन सूर्य. पण पायाखाली गोटे, आणि किल्ल्यापर्यंत दम लागतो. सेंट व्हायटसच्या चर्चमध्ये पोहोचेपर्यंत हिचे गुडघे बोलायला लागले होते. १३४४ मध्ये सुरू होऊन १९२९ मध्ये पुरं झालेलं ते बांधकाम ताज्या पायांनी बघायला हवं होतं.

म्हणून ठरवतानाच सांगा की वाट उलटी हवी. सकाळी २२ नंबरच्या ट्रामने वर किल्ल्याकडे जायचं आणि उतरत पूल ओलांडून चौकात यायचं. गाईडबाई म्हणाल्या, आधी सांगितलं असतं तर त्यांनी तसंच नेलं असतं.