ऑटो टॉप-ऑफ यंत्राचे परीक्षण: मराठवाड्याचा उन्हाळा आणि खाऱ्या पाण्याचा टँक

समुद्री मासे व प्रवाळ पाळण्याच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधून वाफेने उडून जाते ते केवळ पाणी. मीठ मागेच राहते आणि भरपाई न केल्यास खारेपणा रोज चढत जातो. छत्रपती संभाजीनगरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, परंतु दुपारची हवा इतकी कोरडी असते की पाणी थंड करणारा महागडा चिलर न घेताही पाण्यावर छोटे पंखे सोडून तापमान दोन-तीन अंशांनी उतरवता येते. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय तितका लागू पडत नाही. मात्र पंख्यांमुळे पाणी झपाट्याने आटते, म्हणून घटलेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणी आपोआप सोडणारे ऑटो टॉप-ऑफ यंत्र मी स्थानिक दुकानातून घेतले.

यंत्र ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने पाण्याची पातळी ओळखणाऱ्या, सेन्सरचे आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोट स्विचवर गोगलगाय चढून तो अडकण्याचा धोका यात नाही. तरी सेन्सरच्या डोळ्यावर मिठाचा थर व शेवाळ जमते आणि ते व्हिनेगरने वेळोवेळी पुसावे लागते. पंप शांत आहे, जोडणीही सोपी आहे. माझी मुख्य तक्रार अशी की सेन्सर एकच असून, तो फसल्यास पंप थांबवणारी दुसरी कोणतीही सोय यात नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे आवाज कमी व्हावा यासाठी नळीचे टोक पाण्यात बुडवण्याची सूचना माहितीपत्रकात दिलेली आहे. गोड्या पाण्याच्या साठ्याची पातळी संपपेक्षा (टँकखालच्या, सेन्सर व पंप ठेवलेल्या टाकीपेक्षा) उंच असेल, तर पंप बंद झाल्यावरही सायफनने पाणी वाहतच राहते. साठा खाली असेल, तर खारे पाणी उलट त्यात उतरते. नळीचे टोक पाण्याच्या वरच बांधावे, थेंबांचा आवाज सहन करावा.

आपल्याकडची खरी परीक्षा वीज घेते. वीज जाताच टँकमधले पाणी संपमध्ये उतरते. वीज परतल्यावर रिटर्न पंप, म्हणजे संपमधले पाणी वर टँकमध्ये चढवणारा पंप, ते उपसू लागतो, तेव्हा पाणी वरून पुन्हा खाली येईपर्यंत सेन्सरच्या कप्प्यातील पातळी काही क्षण घटलेली दिसते आणि यंत्र विनाकारण पाणी सोडते. दिवसातून अनेकदा वीज जाणाऱ्या भागात हे थोडेथोडे साचत जाते. काही मिनिटे उशिराने वीजपुरवठा सुरू करणारा टायमर यंत्राच्या सॉकेटला लावल्यास हा प्रकार टळतो. वायर सॉकेटपेक्षा खाली झोळ देऊन नेणे आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवणे या गोष्टी तर पंप-हीटर असलेल्या कोणत्याही टँकला हव्यातच.

साठा किती ठेवावा, याचे गणित दुकानदार सहसा सांगत नाहीत. 200 लिटर पाण्यात खारेपणा हजारी 35 असताना यंत्र फसून 10 लिटरचा साठा त्यात पूर्ण रिकामा झाला, तर तो सुमारे 33.3 वर येतो. 40 लिटर गेल्यास 29 च्या आसपास घसरतो, आणि प्रवाळांना असा धक्का सोसत नाही. मोठा ड्रम ठेवून निर्धास्त गावाला जाण्याचा मोह त्यामुळे आवरावा.

साठ्यात बोअरचे पाणी नको, आणि स्वयंपाकघरातल्या आरओचेही नको, कारण चव येण्यासाठी त्यात बहुधा थोडे क्षार राखलेले असतात. उरलेसुरले क्षार काढणाऱ्या डीआय काडतुसातून गेलेले, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्य दाखवणारे पाणीच वापरावे.

दुसरा सेन्सर व पंपाला वेळेची मर्यादा असलेले मॉडेल थोडे जास्त पैसे देऊन मिळत असेल, तर तेच घ्यावे. हे यंत्र मी पाचपैकी तीन गुणांवर ठेवतो, तेही छोटा साठा आणि टायमर यांच्या जोडीनेच.