दोन-भागी स्टोमा पिशवी: काही महिने वापरल्यावर, दुखवट्याच्या घरातून

स्टोमा म्हणजे ऑपरेशन करून आतड्याचं तोंड पोटावर उघडतात ते; मल तिथून या पिशवीत येतो. पिशवीला पाचापैकी चार. तिचं खालचं तोंड बंद करणाऱ्या क्लिपला दोन. सोबतच्या माहितीपत्रिकेला शून्य, कारण ती बारीक इंग्रजीत आहे आणि घरात मदतीला कोणीतरी असणारच असं तिनं धरून चाललंय. नवऱ्याचं उत्तरकार्य होऊन महिना होत नाही तोवर बायकोच्या हातात आतड्याचा कॅन्सर सांगणारा कोलोनोस्कोपीचा (दुर्बिणीतून आतडं तपासल्याचा) रिपोर्ट येतो, आणि दवाखान्याची सगळी धावपळ आजवर ज्यानं केली तोच नसतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी, कुठंही ही वेळ येते. म्हणून पिशवीचा अनुभव आणि मनाची तयारी एकत्रच लिहिते.

वस्तू अशी: ५७ मिलिमीटर कडीची, खालून रिकामी करता येणारी पिशवी. पोटाला चिकटते ती चकती, दुकानदार तिला फ्लँज म्हणतात. चकतीच्या कडीवर पिशवी दाबून बसवायची, ‘टक’ आवाज आला की बसली. ४५ आणि ७० चीही मिळते. चकती आणि पिशवी एकाच कंपनीची आणि एकाच मापाची हवी, दोन कंपन्यांची कडी एकमेकांत बसेल असा भरवसा नाही. एक-भागी पिशवी स्वस्त पडते, पण बदलताना दर वेळी कातडीवरून सोलून काढावी लागते. रात्रभर जागलेल्या, हात थरथरणाऱ्या माणसाला दोन-भागीच बरी. चकती तीन-चार दिवस राहते, पिशवी तेवढी काढून घालता येते.

या पिशवीचा सगळ्यात मोठा उपयोग ऑपरेशनच्या आधी होतो, आणि तेच कोणी सांगत नाही. तारीख ठरली की सर्जनकडे किंवा वॉर्डातल्या सिस्टरकडे एक नमुना संच मागायचा, नाही मिळाला तर विकत घ्यायचा. पोटावर चिकटवायचा, पिशवीत शंभर-दीडशे मिली कोमट पाणी आणि दोन चमचे घोटलेला भात घालायचा आणि एक दिवस-एक रात्र तसंच वावरायचं. परकर नेसून, मांडी घालून, देवापुढं वाकून, कुशीवर झोपून. मग संडासात जाऊन स्वतःच रिकामी करायची. पहिल्यांदा पाय भिजतात, पिशवी निसटते, रडू येतं. ते घरी येऊन गेलेलं बरं, वॉर्डात पडद्याआड अनोळखी माणसांसमोर येण्यापेक्षा. जोडीदार गेल्याचं दुःख आणि आपलं शरीर बदलणार याचं दुःख एकत्र आलं की माणूस दोन्हींना मिळून एकच नाव देतो: ‘मला जगायचंच नाही.’ पिशवी हाताळून झाली की त्यातला एक भाग तरी कामाचा होतो आणि भीती कमी होते. दुसऱ्या भागाला वेळ लागतोच.

याच सरावातून खुणेची जागा कळते. स्टोमा कुठं काढायचा त्याची ऑपरेशनआधी पोटावर मार्करनं खूण करतात. ती आडवं, बसून, उभं आणि वाकून अशी चारही वेळा बघायला सांगा. बसल्यावर घडी पडते तिथं, जुन्या टाक्यांच्या व्रणावर, बेंबीला खेटून किंवा परकराच्या नाडीच्या रेषेत खूण नको. आणि ती आपली आपल्याला दिसायला हवी. पोट सुटलेलं असेल तर खूण जरा वर घ्यावी लागते. नऊवारी नेसणाऱ्या आजींनी कासोटा घालूनच दाखवावं, धोतरवाल्या मामांनी धोतर नेसून. लाजून गाऊनमध्ये खूण करून घेतली की पुढं महिनोन्‌महिने नाडी चकतीवर बसते आणि कड उचलते. साधारणपणे लहान आतड्याचा स्टोमा उजवीकडं आणि मोठ्या आतड्याचा डावीकडं असतो, पण आपला कुठला ते नेमकं विचारून कागदावर लिहून घ्या. जेवणाचे आणि पाण्याचे नियम त्यावरच ठरतात.

तारखेबद्दल घरात भांडणं होतात. तेरावा होऊ दे, सव्वा महिना होऊ दे, वर्ष फिरू दे. पोट फुगलंय, उलट्या होतायत, वारासुद्धा सरत नाही, अशा वेळी सुतक मधे आणू नका, रात्रीच निघा. कॅन्सरच्या ठरलेल्या ऑपरेशनात किती थांबता येईल हे सर्जननंच सांगायचं. प्रश्न सरळ विचारा: दोन आठवडे पुढं ढकललं तर काय बिघडेल? उत्तर ‘काही नाही’ असेल तर उत्तरकार्य उरकून जा, मन जरा मोकळं होतं. ‘बिघडेल’ असेल तर रक्षाविसर्जन झालं तेवढं पुरे, बाकीचं भावकी बघेल.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना दुखवट्याच्या दिवसांतलं सगळं खरं सांगायचं, सगळ्यात जास्त लपवाछपवी इथंच होते. झोप येत नाही म्हणून जावेनं दिलेली अर्धी गोळी रोज घेतली जाते, ती सांगा. संध्याकाळची दारू वाढली असेल तर तीही सांगा. महिन्याभरात किती किलो उतरलं ते सांगा, कारण दुःखात जेवण सुटलेलं असतं आणि कमी प्रथिनांवर आतड्याचा जोड नीट भरत नाही. अशा वेळी दोन वेळच्या पोटभर ताटाचा आग्रह चालत नाही. दर दोन तासांनी थोडं थोडं द्या: अंडं, दाट वरण, दही, मऊ पनीर. निपाणी भागात तर तंबाखू घरातच असते आणि माणूस गेल्यावर मिश्रीची डबी हातातून सुटत नाही. ऑपरेशनआधी किमान चार आठवडे बंद हवी. तेवढे दिवस हाताशी नसतील तर आजपासून.

पोट साफ करायचं औषध सगळ्यांना देत नाहीत. दिलंच तर ते बहुधा दोन लिटर पाण्यात विरघळवायचं असतं. थंड करून, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास. आधीच कमी जेवणाऱ्या माणसाला त्या रात्री चक्कर येते. एकट्याला ठेवू नका, संडासचा दिवा चालू राहू दे, दाराला आतून कडी नको.

ऑपरेशन झाल्यावर स्टोमा पहिल्यांदा बघताना आरसा नको, सरळ खाली बघा. ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल-गुलाबी, ओला, सुजलेला दिसतो. हात लावला तरी दुखत नाही, पुसताना थोडं रक्त लागलं तरी घाबरायचं नाही. काळपट-जांभळा पडला तर मात्र लगेच सिस्टर. ज्या दिवशी बघवत नाही त्या दिवशी बघू नका, पण कोणीतरी बघायलाच हवं, म्हणून घरच्या एकाला तरी शिकवून ठेवा. तो माणूस सून असो, भाचा असो, शेजारचा असो. ‘बायकांचं काम’ म्हणून वाटून देऊ नका.

एक गोष्ट शरीराच्या बाजूची. पोटावर टाके असताना हुंदका आला की खोकल्याइतकाच ताण बसतो. हुंदका दाबून धरायचा नाही. उशी किंवा चौघडी केलेला टॉवेल जखमेवर दोन्ही हातांनी घट्ट धरायचा, गुडघे जरा दुमडायचे आणि रडायचं. ही उशी समाचाराला लोक येतात तेव्हा हाताशीच हवी. फुफ्फुसांच्या व्यायामाला तीन छोट्या चेंडूंचं यंत्र देतात त्यात मात्र फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो. बरेच जण उलटंच करतात.

आता बदलण्याची रीत. सकाळी चहाच्याही आधी बदला, तेव्हा आतडं शांत असतं. जुनी चकती वरून खाली, एका हातानं कातडी दाबून धरत, ओलसर कापडानं सोडवायची. कोमट पाणी पुरे. साबण, खोबरेल तेल, अंगाला लावायची पावडर काही नको, तेलाच्या बोटाचा डाग राहिला तरी चकती तिथून सुटते. कातडी टिपून पूर्ण कोरडी करायची. स्टोमाचं माप कागदावर काढून चकतीचं भोक त्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापायचं. पहिले सहा ते आठ आठवडे सूज उतरत जाते म्हणून माप दर आठवड्याला नव्यानं घ्यायचं. गळतीचं सगळ्यात मोठं कारण हेच: पहिल्या आठवड्यात दहा चकत्या एकाच मापानं कापून ठेवल्या जातात, महिन्यानं भोक सैल पडतं, मल कातडीला लागतो, कातडी सोलवटते, ओल्या कातडीवर पुढची चकती धरत नाही. सोलवटलेल्या जागी स्टोमा पावडर भुरभुरून जादा झटकून टाका. पेस्ट ही खाचा भरायला असते, गोंद म्हणून फासायची नाही. बऱ्याच पेस्टमध्ये अल्कोहोल असतं, उघड्या कातडीवर आग होते. चिकटवल्यावर दोन-तीन मिनिटं तळहात ठेवून ऊब द्यायची.

पिशवी तिसरा हिस्सा ते निम्मी भरली की रिकामी. भारतीय पद्धतीच्या संडासात बुटक्या स्टुलावर बसा, भांड्यात आधी तांब्याभर पाणी ओता म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. तोंड आतून-बाहेरून पुसून मगच क्लिप. दोन गुण क्लिपला का, तर ती पिशवीची दुहेरी घडी नीट धरत नाही, वेल्क्रोच्या तोंडाची मिळाली तर तीच घ्या. वाऱ्याचा फिल्टर ओला झाला की बंद पडतो, मग पिशवी फुग्यासारखी होते. खानापूर-जांबोटीच्या पावसात कपडे वाळत नाहीत आणि चकतीची कड ओल धरते, तेव्हा चार दिवसांचा आग्रह नको, तिसऱ्या दिवशी बदला. उन्हाळ्यात डबे पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, गोंद पाझरतो. वापरलेली पिशवी रिकामी करून, कागदात गुंडाळून कचऱ्यात. संडासात कधीच नाही. तालुक्याच्या औषध दुकानात ऐनवेळी मिळेल असं धरू नका. बेळगाव किंवा मिरजेतल्या मोठ्या दवाखान्यांजवळच्या दुकानांतून महिन्याची सोय करून ठेवा. प्रवासात एक आधीच कापलेला संच पर्समध्ये.

खाण्यात पाहुण्यांचा त्रास जास्त. दुखवट्याचं घर आणि आजारी माणूस, दोन्ही कारणांनी लोक हातात काहीतरी घेऊन येतात. कुंदा आला तर शेजारी द्या, गोडानं लहान आतड्याच्या स्टोमातून पातळ वाहतं. गोकाकचा करदंट त्याहून वाईट, सुकं खोबरं आणि सुकामेवा अडकून बसतो. मका, शेंगदाणे, शेवग्याची शेंगही पहिले काही आठवडे नको. भात, केळं, साबुदाणा यानं घट्ट होतं. लहान आतड्याच्या स्टोमातून चोवीस तासांत दीड लिटरपेक्षा जास्त गेलं, लघवी गडद झाली, पोटऱ्यांत गोळे आले तर ओआरएस चालू करून त्याच दिवशी डॉक्टर. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यात, जास्त पाणी घालून पातळ करायचं नाही आणि नुसतं पाणी ढोसायचं नाही. उलट, चार-सहा तास काहीच आलं नाही आणि कळा-उलट्या असतील तर घरगुती उपाय बंद करून दवाखाना. उपवास या काळात सोडावेच लागतात. श्राद्धाच्या दिवशी उपाशी बसायचं असेल तर ते मुलाकडं द्या.

विधीला बसावं की नाही यावर नातेवाईक बोलणारच. पहाटे बदललेली, बंद पिशवी कपड्याआड असते, वास येत नाही. माझं मत, बसावं. खाली मांडी घालून तासभर नको, खुर्चीवर. पण आधी गुरुजींशी एकट्यात बोलून घ्या म्हणजे ऐनवेळी चारचौघांत विषय निघत नाही.

कागदपत्रांतली एक अडचण सांगूनच टाकते. आधार, बँक, रेशनकार्ड, सगळीकडं गेलेल्या माणसाचाच मोबाईल नंबर असतो आणि सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड करताना ओटीपी त्याच फोनवर जातो. ते सिम बंद करू नका, रिचार्ज ठेवा, आणि रुग्णाच्या आधारला स्वतःचा नंबर जोडून घ्या. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा, उतारे चार-पाच काढून ठेवा. संमतीपत्रावर सही करण्याआधी मजकूर मराठीत समजावून मागा, पेशंट शुद्धीत नसेल तेव्हा निर्णय कोण घेणार ते नाव आधीच ठरवा. आजवर ते नाव कोणाचं होतं हे आठवून त्या टेबलाशी रडू येतं. कोणालातरी सोबत न्या.

सहा-आठ आठवडे घागर, भरलेली बादली, सिलिंडर नाही, स्टोमाशेजारी हर्निया होतो. घरात आता एकटंच माणूस असेल तर पाण्याची सोय डिस्चार्जआधी करा. दोन आठवडे झाले तरी झोप-जेवण सुटलेलं, पिशवीला हात लावायला नकार, मरणाचं बोलणं, असं असेल तर ‘दुःख आहे, जाईल’ म्हणून थांबू नका. टेलिमानस ही मानसिक आधाराची सरकारी फोनसेवा, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. जीव देण्याची भाषा असेल तर फोनबरोबर माणूसही शेजारी हवा.

स्टोमा तात्पुरता असेल तर बंद करण्याच्या तारखेचा वर्षश्राद्धाशी मेळ आत्ताच डॉक्टरांशी बोलून घाला. किमो चालू असेल तर ती तारीख पुढं जाते. बंद करण्याच्या ऑपरेशनआधी महिनाभर गुदद्वार आवळायचा व्यायाम विचारून घ्या. उरलेले न उघडलेले डबे मुदत बघून त्याच वॉर्डातल्या सिस्टरकडं द्या, सरावासाठी नमुना मागणारं कोणीतरी तिथं असतंच.