जमीन वितळली, पाणी साचलं की मुरलं?
सायबेरिया-अलास्कातली कायम गोठलेली जमीन म्हणजे भूजलावरचं घट्ट झाकण. ते वितळलं की दोन वाटा.

बर्फाळ जमीन खचते, खड्ड्यात तळं साचतं. तळाशी ऑक्सिजन नसल्याने सूक्ष्मजीव मिथेन सोडतात. अलास्कात हिवाळ्यात अशा तळ्यांच्या बर्फात पांढरे बुडबुडे अडकलेले दिसतात. भोक पाडून काडी ओढली की भडका उडतो!

झाकण आरपार फुटलं तर मात्र तळं खाली मुरून आटतं, भूजल वाहू लागतं, नद्यांना हिवाळ्यातही पाणी मिळतं. कोरड्या मातीतून निघतो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड.

१०० वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट पृथ्वी तापवणारा, पण डझनभर वर्षांत विरणारा; कार्बन डायऑक्साइड हवेत शतकानुशतकं ठाण मांडतो. त्यामुळे कोरडी वाट बरी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.